वादळ आहे, नाना आहेत, बाग आहे. मग गोष्ट कुठे अडली?

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो. शाळेत असल्यापासून तुम्ही कथेचे घटक पाठ केले: पात्रं, स्थळकाळ, कथानक, संघर्ष, निवेदन, आशयसूत्र. रावेर तालुक्यातल्या तुमच्या गावी जूनच्या वादळात तुमच्या नानांची तीन एकर केळी आडवी झाली. त्यावर तुम्ही अठराशे शब्दांची कथा लिहिलीत आणि यादी समोर ठेवून एकेका घटकापुढे बरोबरची खूण केलीत. सगळे हजर. तरी ज्यांना वाचायला दिली ते म्हणतात, "बातमी छान लिहिलीय." म्हणून तुम्ही विचारताय, की राहिलेला सातवा घटक कोणता?

सातवा घटक नाही, आणि जे सहा आहेत ते तुमच्याकडे आहेत, हेही खरं. पण ते एकमेकांशी बोलत नाहीत. केळीच्या खोडाचं सोपट कधी सोलून पाहिलं असेल ना? एक काढलं की आत दुसरं, त्याच्या आत तिसरं. आतमध्ये लाकूड म्हणून काही सापडतच नाही. सुटं केलं की प्रत्येक सोपट लुळं पडतं, आणि हीच सोपटं एकमेकांवर घट्ट गुंडाळलेली असली की पंचवीस-तीस किलोचा घड तोलतात. कथेचे घटक असेच आहेत. परीक्षेसाठी आम्ही ते सोलून दाखवले आणि तुम्ही सोललेलेच ओळीनं मांडलेत. यात दोष थोडा आमचाही आहे. मी तीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं आणि 'कथेचे घटक सांगा, गुण ५' हा प्रश्न स्वतः किती वेळा फळ्यावर लिहिला ते आता मोजवत नाही. पुढे एका दिवाळी अंकासाठी कथा निवडायचं काम अंगावर आलं. दरवर्षी शे-सव्वाशे हस्तलिखितं वाचताना कळलं की परत पाठवाव्या लागणाऱ्या बहुतेक कथांमध्ये सहाही घटक असतातच.

पुढे जाण्याआधी एक कबुली देतो. मी सांगतो ते सगळ्याच कथांना लागू पडेल असं नाही. ना. सी. फडक्यांचं लेखनतंत्रावरचं पुस्तक 'प्रतिभासाधन' १९३१ साली आलं, तेव्हा तंत्र, गुंतागुंत आणि तिची उकल यांना मोठं मोल होतं. १९४५ च्या आगेमागे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा आली आणि घटनेपेक्षा माणसाच्या आतल्या हालचालीला महत्त्व मिळालं. दोन्ही प्रकारच्या चांगल्या कथा मराठीत आहेत. तुम्हाला कशी लिहायची आहे, किती शब्दांत लिहायची आहे, कोणाला वाचून दाखवायची आहे, यावर बरंच काही ठरतं. मी गृहीत धरतो की पंधराशे ते अडीच हजार शब्दांत, एक प्रसंग घेऊन, आपल्याच भागातल्या वाचकाला भिडेल अशी कथा तुम्हाला हवी आहे.

आता तुमच्या कथेकडे वळण्याआधी एक जुनी गोष्ट. श्रावणात शुक्रवारची कहाणी घरात वाचली जाते, ती तुम्ही ऐकली असेल. भाऊ श्रीमंत, बहीण गरीब. भावानं सहस्रभोजन घातलं, सगळा गाव जेवायला, पण बहिणीला बोलावणं नाही. ती मनाशी म्हणते, विसरला असेल, आपल्याच भावाकडे जायला बोलावणं कशाला हवं? मुलांना घेऊन पंगतीत बसते. भाऊ तूप वाढत येतो, तिला पाहतो आणि सांगतो, तुझ्या अंगावर धड वस्त्र नाही, दागिना नाही, लोक हसतात, उद्या येऊ नकोस. मुलांच्या हट्टानं ती पुन्हा जाते आणि शेवटी भाऊ तिला हाताला धरून पंगतीतून उठवतो. पुढे देवीच्या व्रतानं तिचे दिवस पालटतात. मग भावाचं आमंत्रण येतं. ती भरजरी नेसून, दागिने घालून जाते. पाटावर बसण्याआधी अंगावरचे दागिने काढून ठेवते आणि ताटातला एकेक पदार्थ उचलून त्या दागिन्यांवर ठेवत जाते. भाऊ विचारतो, ताई, हे काय करतेस? ती सांगते, जिला तू जेवायला बोलावलंस, तिलाच मी भरवते आहे.

माझ्या वर्गात ही कहाणी सांगितली की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची. आता तुमची यादी घेऊन या. पात्रं कोण? भाऊ आणि बहीण. पण 'गरीब बहीण' एवढ्यानं ती पात्र होत नाही. बोलावणं नसताना ती स्वतःची समजूत घालते, तिथे ती पात्र होते. तिला काय हवंय? जेवण नको आहे, भावाच्या घरी बहिणीचा पाट हवा आहे. संघर्ष कुठला? गरिबीशी मुळीच नाही. गरिबी तर व्रतानं चार ओळींत मिटते. संघर्ष आहे तो त्या पाटाचा. स्थळ कुठलं? पंगत. हीच गोष्ट अंगणात, दोघंच असताना घडली असती तर अपमान अर्धा झाला असता. म्हणजे इथे स्थळ हेच संघर्षाचं हत्यार आहे. आणि शेवट बघा: भावाला ती एक शब्दही टाकून बोलत नाही. हातानं घास उचलते आणि दागिन्यावर ठेवते. आशयसूत्र काय म्हणून कोणी विचारलं तर तुम्ही चार वाक्यं लिहाल. कहाणीनं ते एका कृतीत ठेवलं आहे.

आणखी एक बारीक गोष्ट, कारण ती तुमच्या वादळाशी जोडायची आहे. देवीनं तिला पैसा दिला. पण अपमानाचा जबाब देवीनं दिला नाही, तो तिनं स्वतः दिला. दैवानं, योगायोगानं, पावसानं, वाऱ्यानं कथेत संकट आणलं तर वाचक मान्य करतो. गाठ सोडवायला मात्र त्याला माणूसच लागतो.

तुमच्या कथेत वादळ येतं, बाग पडते, नाना बांधावर डोक्याला हात लावून बसतात, तलाठी पंचनामा करतो, रात्री मुलगा म्हणतो, "पुन्हा लावू," आणि नाना मान हलवतात. वर्णन खोटं नाही. पडलेल्या घडांवर पाय पडू नये म्हणून नाना वाकडेतिकडे चालतात, हे तुम्ही पाहिलंय म्हणूनच लिहू शकलात. ते वाक्य कुठल्याही परिस्थितीत काढू नका. पण या सगळ्यात नाना काय करतात? त्यांच्यावर गोष्टी होतात. वादळ त्यांच्या शेजाऱ्याच्या बागेवरही आलं. नानांच्या जागी शेजारी ठेवला तर तुमच्या कथेत एका शब्दाचा तरी फरक पडेल का? पडत नसेल तर वाचक तिला बातमी म्हणणारच. बातमीत नुकसान किती एकराचं ते महत्त्वाचं असतं आणि कथेत नुकसान कोणाचं हे.

गंमत म्हणजे तुमची गोष्ट तुमच्याच पाचव्या ओळीत आहे. तिथे तुम्ही सहज लिहून गेलात: "चार दिवसांपूर्वी व्यापारी येऊन बाग पाहून गेला होता." पुढे त्या व्यापाऱ्याचं नाव नाही. मी ती ओळ वाचून थांबलो. गेल्या मृगात, म्हणजे जूनमध्ये, लावलेली बाग, बारा महिने झालेले, घड भरलेले, कापणीला आलेले, माणूस दारात आलेला. मग बाग कापली का गेली नाही?

समजा नानांनी त्याला परत पाठवलं, कारण दर अजून चढेल असं त्यांना वाटलं. ही एका माणसाच्या हिशेबाची आणि थोड्या हावेची गोष्ट झाली, आणि ती हाव काही पाप नाही, हे दाखवणं तुमचं काम. समजा नाना द्यायला तयार होते, पण मोबाईलवर सावद्याच्या केळीबाजारातले भाव बघून मुलानंच सांगितलं, "चार दिवस थांबा." मग ही मुलाची गोष्ट. वादळानंतर नाना त्याला काहीच बोलत नाहीत, आणि ते न बोलणं त्या रात्री घरात पावसापेक्षा मोठ्यानं ऐकू येतं. तुमचं "पुन्हा लावू" हे आत्ता आशेचं वाक्य आहे, इथे तेच वाक्य माफी मागण्याची केविलवाणी धडपड होऊन जातं. एक अक्षरही न बदलता. किंवा समजा नानांनी आधीच दुसऱ्या व्यापाऱ्याला तोंडी शब्द दिला होता, म्हणून जास्त दर देणाऱ्याला त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. आणि शब्द घेतलेला तो पहिला माणूस पडलेली बाग बघायलाही फिरकला नाही.

बघा, वादळ तेच, एकर तीनच, बांधही तोच. पण तीन वेगळ्या गोष्टी झाल्या, कारण वादळाच्या आधी कोणीतरी काहीतरी ठरवलं होतं. माणसानं ठरवलेल्या गोष्टीवर वादळ पडलं की संघर्ष निर्माण होतो. नुसतं झाडावर पडलं तर नुकसान होतं, तेवढंच.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजला दिलेल्या व्याख्यानांत एक उदाहरण दिलं होतं, ते आता जगभर वर्गात सांगतात. (हे गृहस्थ १९२१ साली देवासच्या मराठी संस्थानात महाराजांचे सेक्रेटरी होते, म्हणजे आपल्यापासून फार लांब नव्हते.) 'राजा मेला आणि मग राणी मेली', हा नुसता घटनाक्रम. 'राजा मेला आणि त्या दुःखानं राणी मेली', हे कथानक. पहिल्यावर ऐकणारा विचारतो, "मग?" दुसऱ्यावर विचारतो, "का?" तुमची कथा 'मग'वर चालते. वादळ आलं, मग बाग पडली, मग तलाठी आला, मग रात्र झाली. यातला एक जरी 'मग' काढून तिथे 'म्हणून' किंवा 'तरीही' बसवता आला तर कथानक सुरू होतं. 'व्यापारी आला, तरीही नानांनी दिली नाही.' माझ्या विद्यार्थ्यांना मी हाच खेळ द्यायचो: आपली गोष्ट दहा वाक्यांत सांगा, फक्त 'मग' वापरायला बंदी.

आपल्याकडे संस्कृत नाट्यशास्त्रानं हे फार आधी, आणि माझ्या मते जास्त नेमकं सांगून ठेवलंय. कार्याच्या पाच अवस्था: आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. नावं घाबरवणारी आहेत, पण एक गोष्ट लक्षात घ्या. पाचही नावं फळ मिळवू पाहणाऱ्या माणसाच्या बाजूनं ठेवली आहेत. आरंभ म्हणजे पहिली घटना नाही, फळाची ओढ लागणं. मग त्यासाठी धडपड, मग मिळेलसं वाटणं, मग अडथळा सरून मिळणार याची खात्री, मग फळ. केळीवाल्याला हे वेगळं समजवायला नको. लागवड कधी झाली यावरून तो बाग ओळखतो, मृगात लावलेली मृगबाग की पावसाळ्याच्या शेवटी लावलेली कांदेबाग. वादळ कधी आलं यावरून ओळखत नाही. तुमच्या कथेचा आरंभ वादळापाशी नाही, तो व्यापारी दारात उभा होता तिथे आहे.

आता माझीच फजिती सांगतो, म्हणजे मी उंचावर बसून बोलतोय असं वाटणार नाही. तिशीत असताना मी सालदारावर, म्हणजे वर्षाच्या बोलीनं शेतात राबणाऱ्या गड्यावर, एक कथा लिहिली होती. आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि नवं ठरतं, हे तुम्हाला माहीतच आहे. मी बारा पानं लिहिली. पहाट, बैलांच्या घुंगरांचा आवाज, निंबाला बांधलेले झोके, माहेरी आलेल्या पोरींची गाणी, पुरणाचा वास. शेवटी सालदार घोंगडी खांद्यावर टाकून निघून जातो. मला वाटलं, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येणार. संपादकांचं पोस्टकार्ड आलं. त्यात दोन वाक्यं होती: "तुम्हाला आखाजीचं वर्णन करायचं होतं हे कळलं. सालदाराला काय करायचं होतं ते कळलं नाही."

आठ दिवस राग होता. मग विचार केला, खरंच, याला काय हवंय? आमच्या शेजारच्या वाड्यातल्या एका सालदाराची आठवण झाली. त्यानं गोऱ्हा असल्यापासून वाढवलेला बैल होता. जास्त पैसे देणारा दुसरा मालक असूनही तो त्या बैलासाठी तिथेच राहायचा. मी कथेत तेवढंच आणलं. आखाजीच्या सकाळी त्याला कळतं की मालकानं बैलाचा सौदा केलाय. संध्याकाळपर्यंत साल ठरायचं आहे. वाचकाला वाटतं की हा आता रडेल, भांडेल, निघून जाईल. तो मालकासमोर बसतो आणि आयुष्यात पहिल्यांदा जास्त पैसे मागतो. बस. कथा पाच पानांची झाली आणि छापून आली. झोके राहिले, गाणीही राहिली, पण आता त्यांचं काम बदललं. आधी आखाजी हे नुसतं सजवलेलं पटांगण होतं. आता ती मुदत झाली. सूर्य मावळायच्या आत माणसाला ठरवायचं आहे, आणि बाहेर पोरी गातायत. स्थळकाळ हा घटक संघर्षाला जाऊन चिकटला. मी वर 'एकमेकांशी बोलणं' म्हणालो ते हे.

निवेदनाबद्दल तुम्ही विचारलंय, 'मी'नं लिहू की 'तो'नं. हा प्रश्न मला सर्वनामाचा वाटत नाही. सांगणारा त्या घटनेपासून किती लांब उभा आहे, हा खरा प्रश्न. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि पुढे फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. आपल्या भागात ते सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण त्याची रचना कोणी फारशी पाहत नाही. मोठा झालेला श्याम रात्री मित्रांना आठवणी सांगतो, अशा बेचाळीस रात्री. म्हणजे तिथे दोन श्याम आहेत. एक हट्ट करणारा, आंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आईला पदर पसरायला लावणारा. दुसरा हे सांगणारा, ज्याला आता कळतंय की आपण आईकडून काय काय करून घेतलं. पुस्तकातलं पाणी या दोघांमधल्या अंतरात आहे. छोटा श्यामच त्या क्षणी सांगत असता तर तो म्हणाला असता, आईनं पदर पसरला, मी पाय ठेवले. संपलं.

तुमच्या कथेत 'मी' आहे, पण तो कॅमेऱ्यासारखा उभा आहे. तो कधी सांगतोय? त्याच रात्री? की दहा वर्षांनी, स्वतः पुण्यात किंवा सुरतेला नोकरी करताना, केळीचे दर अजूनही सवयीनं बघणारा? त्याच रात्री सांगत असेल तर त्याला स्वतःची चूक मान्य करता येणार नाही. तो दुसरीकडे बोट दाखवेल, विमा, हवामान खातं, व्यापारी. आणि वाचकाला ते बोट दिसेल. दहा वर्षांनी सांगत असेल तर चूक उघड असेल, पण नाना कदाचित नसतील. कोणता उभा करायचा हे मी ठरवू शकत नाही. एवढंच म्हणेन की दुसरी तऱ्हा सोपी वाटते आणि तिथेच लोक जास्त रडके होतात.

स्थळाविषयी एक तक्रार आहे, ती मोकळेपणानं करतो. 'खान्देश दिसावा म्हणून संवाद अहिराणीत घातले' असं तुम्ही लिहिलंय. भाऊ, तुमचे नाना रावेरकडचे, लेवा समाजातले शेतकरी, त्यांच्या तोंडी 'आहे'च्या जागी अहिराणी 'शे' कुठून आला? अमळनेर, पारोळा, धुळे, साक्रीकडचा माणूस 'काय शे?' म्हणेल. तुमच्याकडे रावेर, यावल, फैजपूरला लेवा गणबोली चालते. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकात आली तेव्हापासून कितीतरी लोक त्या भाषेला सरसकट अहिराणी म्हणत आले, पण ती लेवांची बोली. तापीच्या आसपास दर पाच-दहा कोसांवर क्रियापदाची शेपूट बदलते. नाना घरी जसं बोलतात तसंच लिहा. त्यांचं एक वाक्य अस्सल असलं की पुरे, पानभर बोली नको. बोलीनं स्थळ सजत नाही, बोलणाऱ्याचं घर कळतं.

वस्तूंचंही तसंच. ठिबकच्या नळ्या, खताच्या गोण्या, बांधावरची मोटारसायकल, सगळं तुम्ही नोंदवलंय. यातली एकच वस्तू निवडा आणि तिला काम द्या. समजा व्यापाऱ्यानं बाग पाहताना पसंतीच्या घडांना खूण करून ठेवली होती. वादळानंतर खुणा केलेलेच घड जमिनीवर. नाना ती खूण अंगठ्यानं पुसायला बघतात. हे मी आत्ता बसल्याबसल्या रचलं, तुमच्याकडे खरं याहून चांगलं असेल.

आशयसूत्राबद्दल फार बोलत नाही. कथा लिहिताना त्याचा विचारच करू नका. 'निसर्गापुढे शेतकरी हतबल आहे' हे तुमच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेलं वाक्य खोडून टाका. ते खोटं नाही, पण ते लिहून ठेवल्यामुळे तुम्ही नानांना काही करूच दिलं नाही. हतबल ठरवलेला माणूस व्यापाऱ्याला परत कसा पाठवणार?

थोडक्यात, यादी हातात घेऊन 'आहे का' असं विचारू नका. 'हे नसतं तर ते बदललं असतं का' असं विचारा. नाना दुसरे असते तर वादळाचा अर्थ बदलला असता का? गाव दुसरं असतं तर? सांगणारा दुसरा असता तर? जिथे उत्तर 'नाही' येतं, तिथलं सोपट सुटं आहे.

आणि आता करून बघायची गोष्ट. आमची आजी गोष्ट सांगायची तेव्हा कोणीतरी हुंकारा द्यायलाच लागायचा. दर वाक्याला 'हूं'. हुंकारा थांबला की ती थांबायची. म्हणायची, तुम्ही झोपलात, आता मी कोणाला सांगू? तुमची कथा कागदावरून वाचू नका, घरात कोणालातरी तोंडी सांगा, आणि त्यांना हुंकारा द्यायला सांगा. कुठे तो 'हूं' सवयीचा होतो, कुठे अडखळतो, कुठे त्याच्या जागी 'मग का नाही दिली?' असा प्रश्न येतो, ते बघा. तो प्रश्न जिथे येईल तिथून कथा सुरू करा. आधीची चार पानं बाजूला ठेवा, त्यातलं जे लागेल ते आपोआप परत येईल. पहिल्या खर्ड्यात माझी निम्मी पानं अशीच जातात, अजूनही.

शक्य असेल तर तोंडी सांगायला नानांनाच निवडा. मला कल्पना आहे, हे सोपं नाही. पण पाचव्या ओळीचं उत्तर तुमच्याकडे नसेल, म्हणजे त्या दिवशी व्यापारी रिकाम्या हातानं का गेला हे तुम्हाला खरंच माहीत नसेल, तर ते त्यांच्याकडेच आहे. संध्याकाळी बांधावरून परत येताना सहज विचारा. सांगतील ते तसंच्या तसं लिहून घ्या. आणि काही न सांगता ते दुसऱ्याच गोष्टीवर बोलायला लागले, तर कशावर बोलायला लागले, तेही लिहून ठेवा.